नायक्विस्ट आणि मामाचं फॅक्स मशीन

आधीच सांगून टाकते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. अडतीस म्हणजे किती, हे मी अजूनही मनातल्या मनात इंग्रजीत मोजून बघते आणि यावरून होस्टेलवर माझी भरपूर थट्टा होते. त्यामुळे मराठी विभागासाठी लेख दे असं मॅडमनी सांगितलं तेव्हा मला घामच फुटला. पण एक माणूस गेले काही महिने डोक्यात बसलाय. त्याच्याबद्दल लिहायचं तर घरच्या भाषेतच लिहावं असं वाटलं. चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या!

हा माणूस म्हणजे हॅरी नायक्विस्ट. ई अँड टीसीवाल्यांना हे नाव पाठ असतं. नायक्विस्ट रेट, नायक्विस्ट प्लॉट, नायक्विस्ट क्रायटेरियन... सेकंड इयरपासून हा आपल्या मागे लागतो तो डिग्री मिळेपर्यंत सोडत नाही. सेकंड इयरच्या व्हायवात एक्स्टर्नल सरांनी मला सॅम्पलिंग थिअरम विचारलं. मी एका दमात धडाधड म्हणून दाखवलं. मग त्यांनी शांतपणे विचारलं की हा नायक्विस्ट कोण होता आणि त्याला हा प्रश्न पडलाच कशाला? मी गप्प. सर हसले, मार्क बरे दिले, पण तो प्रश्न तसाच राहून गेला. त्याचं उत्तर मला मिळालं ते लायब्ररीत नाही, भोसरीला मामाच्या ऑफिसात.

मामाचं भोसरीत छोटं वर्कशॉप आहे. खाली दोन लेथ, एक मिलिंग मशीन आणि वर जिन्याला लागून ऑफिस. त्याची एक जुनी पार्टी जपानमध्ये आहे. ते लोक मेल करतात, पण ड्रॉईंगमध्ये दुरुस्ती झाली की सही-शिक्क्याचा कागद अजून फॅक्सनेच पाठवतात. जपानमध्ये ऑफिसांची फॅक्सची सवय बरीच वर्षं सुटली नाही, हे बहुतेकांना ठाऊक असेल. तर दिवाळीच्या आधी मामाच्या ऑफिसातली तांब्याची लाईन काढून फायबर आली. भिंतीवर एक पांढरा डबा बसला, फोन त्या डब्याच्या मागे लागला. बोलणं एकदम स्वच्छ. पण फॅक्स मात्र बंद पडला! अर्धं पान यायचं, मग मशीन किंचाळायचं आणि एररचा कागद बाहेर टाकायचं. मामाने आजीला सांगितलं की आता काळजी नाही, आपली पोरगी टेलिकॉमचं इंजिनिअरिंग शिकतेय, सुट्टीत येईल आणि करून टाकेल. झालं! माझी दिवाळी तिथेच संपली.

डब्याचं मॅन्युअल वाचता वाचता मला ८००० हा आकडा दिसला आणि त्या ८००० वरून मी नायक्विस्टपर्यंत पोचले. आधी त्याचीच गोष्ट सांगते.

हॅरीचा जन्म ७ फेब्रुवारी १८८९ चा, स्वीडनमधल्या व्हेर्मलांड भागातल्या एका खेड्यातला. वडील छोटे शेतकरी. घरात आठ भावंडं. म्हणजे आपल्याकडच्या कुठल्याही कोरडवाहू गावातलं घर डोळ्यांसमोर आणा, फक्त उन्हाच्या जागी बर्फ. पोरगं हुशार, पण पुढे शिकवायला घरात पैसा नाही. त्या काळी स्वीडनमधून लाखो माणसं पोटासाठी अमेरिकेला गेली. हॅरीनेही मजुरी करून तिकिटाचे पैसे जमवले आणि १९०७ मध्ये, अठराव्या वर्षी, तो अमेरिकेला निघाला. भाषा परकी. माझ्यासारखीला मराठीत लिहितानाच घाम फुटतो, हा तर सगळं आयुष्यच दुसऱ्या भाषेत मांडायला निघाला होता.

नॉर्थ डाकोटा विद्यापीठात त्याला प्रवेश मिळाला तो १९१२ मध्ये, म्हणजे पाच वर्षांनी. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. आपल्याकडे एक वर्ष ड्रॉप घेतला तर नातेवाईक तोंड वाकडं करतात! पण एकदा आत गेल्यावर त्याने मागे वळून बघितलं नाही. १९१४ ला इलेक्ट्रिकलची पदवी, १९१५ ला मास्टर्स आणि १९१७ ला येल विद्यापीठातून फिजिक्समध्ये पीएच.डी. शेतकऱ्याचा पोरगा दहा वर्षांत डॉक्टर झाला. त्याच वर्षी नायक्विस्ट ए.टी. अँड टी. या टेलिफोन कंपनीत लागले आणि १९५४ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. १९३४ मध्ये त्यांचा विभाग बेल लॅब्जमध्ये गेला, तेवढाच काय तो बदल. सदतीस वर्षं एकच नोकरी.

आता फॅक्सचा संबंध. फॅक्स ही टेलिफोननंतरची भानगड असेल असं मला वाटायचं. पण उलटं आहे. तारेवरून चित्र पाठवायचं पहिलं पेटंट स्कॉटलंडच्या अलेक्झांडर बेन यांनी १८४३ मध्ये घेतलं. बेल यांचा टेलिफोन १८७६ चा. म्हणजे फॅक्स टेलिफोनपेक्षा तेहतीस वर्षांनी मोठा! पण सगळीकडे पोचलेल्या तारा टेलिफोनच्या होत्या, म्हणून चित्रंही त्याच तारांवरून पाठवावीत असं कंपनीला वाटलं. हर्बर्ट आइव्ह्ज यांच्या गटाबरोबर नायक्विस्ट यांनी त्यावर काम केलं. मे १९२४ मध्ये क्लीव्हलंडहून न्यूयॉर्कला टेलिफोन लाईनवरून फोटो पाठवून दाखवण्यात आले. एका फोटोला साधारण सात मिनिटं लागायची.

यात अडचण काय होती? टेलिफोनची लाईन माणसाच्या कानासाठी बनवलेली. लाईनवर काही फ्रिक्वेन्सी लवकर पोचतात, काही किंचित उशिरा. बोलताना ते आपल्या कानाला कळतही नाही, कान सगळं सांभाळून घेतो. पण चित्राच्या बाबतीत उशिरा पोचलेला भाग पुढच्या ठिपक्यावर सांडतो आणि कडा फाटतात. कानाला चालतं ते कागदाला चालत नाही. हा उशीर मोजणं आणि भरून काढणं यावर नायक्विस्ट यांनी काम केलं. चित्रासाठी कमी पट्ट्यात सिग्नल बसवायची व्हेस्टिजियल साइडबँड ही पद्धतही त्यांचीच. पुढे टीव्हीने तीच उचलली. आपण ती टीव्हीच्या चॅप्टरमध्ये शिकतो, पण तिचं मूळ फॅक्समध्ये आहे हे कुणी सांगत नाही.

मला वाटतं, त्यांच्या डोक्यातला मोठा प्रश्न इथेच पक्का झाला असावा. एखाद्या लाईनीत मुळात मावतं किती? १९२४ मध्येच त्यांनी टेलिग्राफच्या वेगावर एक पेपर लिहिला. त्यात दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या: सेकंदाला किती ठोके पाठवता आणि प्रत्येक ठोक्याची किती वेगवेगळी रूपं असू शकतात. दोन्ही मिळून वेग ठरतो. रूपं दुप्पट केली म्हणून वेग दुप्पट होत नाही, तो लॉगच्या हिशोबाने वाढतो. १९२८ च्या पेपरमध्ये त्यांनी ठोक्यांची मर्यादा सांगितली. लाईनीची बँडविड्थ जेवढी, त्याच्या दुप्पट स्वतंत्र ठोके सेकंदाला जाऊ शकतात, त्याहून जास्त नाही. हेच उलटं वाचलं की आपलं सॅम्पलिंग थिअरम. क्लॉड शॅनन यांनी पुढे १९४९ मध्ये ते नीट सिद्ध करून मांडलं आणि नायक्विस्ट यांना श्रेय दिलं.

आता परत भोसरीला. टेलिफोनमध्ये आवाजाचा ३०० ते ३४०० हर्ट्झचा पट्टा जातो. वर थोडी जागा ठेवून ४००० धरा, दुप्पट केलं की ८०००. म्हणून सेकंदाला ८००० सॅम्पल, प्रत्येकाचे ८ बिट, एकूण ६४००० बिट. एक्स्चेंजच्या आत आवाज असा आकड्यांमध्ये बदलून जाणं कित्येक वर्षांपासून चालू आहे. आय.एस.डी.एन.चा एक चॅनलही नेमका ६४ किलोबिटचा असतो तो यामुळेच. म्हणजे मामाचा जुना फॅक्ससुद्धा तांब्याच्या तारेने एक्स्चेंजपर्यंत जाऊन पुढे डिजिटलच होत होता! मग आता बिघडलं कुठे?

बिघडलं ते डब्यात. डब्याचं सेटिंगचं पान उघडलं तर आवाजासाठी पहिली पसंती जी.७२९ ला होती. हा कोडेक ६४००० च्या जागी फक्त ८००० बिट वापरतो. माणसाचा गळा कसा आवाज काढतो याचं मॉडेल धरून तो अंदाज बांधतो. फॅक्सला कुठे गळा असतो? त्याच्या शिट्ट्यांचं पार भरीत होतं. मी जी.७११ ए-लॉ वर आणलं, म्हणजे पूर्ण ६४००० वालं. शांतता असताना पॅकेट न पाठवण्याचं सेटिंग बंद केलं. कॉल वेटिंग बंद केलं, कारण मध्येच बीप वाजला की पान गेलंच समजा. फोनला आणि फॅक्सला मिळून एकच जोडणी होती, ती काढून फॅक्सची वायर सरळ डब्याला लावली. टी.३८ नावाचा एक पर्यायही होता. त्यात डबाच फॅक्सची शिट्टी उलगडतो आणि पानाचा डेटा पॅकेटमधून पाठवतो. फॅक्ससाठी ही सगळ्यात चांगली सोय, पण ती दोन्ही टोकांना आणि मधल्या कंपनीकडेही चालू असावी लागते. आमच्या लाईनवर ती चालली नाही, म्हणून परत बंद केली.

एवढं करून पान पाऊणपर्यंत यायला लागलं. पण पूर्ण नाही. आवाज आता २० मिलिसेकंदांच्या पॅकेटमधून जातो, म्हणजे एका पॅकेटमध्ये १६० सॅम्पल. एखादं पॅकेट हरवलं तर डबा अंदाजाने भर घालतो. कानाला चालतं. कागदाला? नाही चालत. बघा, शंभर वर्षांपूर्वीचंच दुखणं परत आलं, नुसता वेश बदलून.

इथे मी एक चूक केली आणि ती सांगितल्याशिवाय हा लेख खरा होणार नाही. मशीनमध्ये ई.सी.एम. म्हणजे चुकलेला भाग परत मागवण्याची सोय असते. ती बंद केली की फॅक्स अडत नाही, असं मला कळलं. मी बंद केली. लगेच अख्खं पान आलं! खालच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या, मामीने चकल्या आणल्या, मी हवेत. मामाने मात्र चष्मा लावून ड्रॉईंग बघितलं आणि बराच वेळ बघत राहिला. एका भोकाचं माप १२५ दिसत होतं. अख्खा जॉबच तळहाताएवढा, त्यात १२५ मिलिमीटरचं भोक बसणार कुठे? आकड्यांची खालची कड कापल्यासारखी होती आणि १२.५ मधलं टिंब गेलं होतं. ई.सी.एम. बंद असल्याने मशीनने खराब ओळी निमूटपणे गाळल्या होत्या. हे माप अशक्य होतं म्हणून मामाच्या लक्षात तरी आलं. ३.५ चं ३५ झालं असतं आणि ते जॉबमध्ये बसण्यासारखं असतं, तर? माल कापला गेला असता आणि कंटाळा न करता वीस वर्षं टिकवलेली पार्टी गेली असती. मामा मला एक शब्द बोलला नाही. त्याचंच जास्त लागलं. माझा सगळा जोर पान यावं एवढ्यावरच होता, पान बरोबर यावं हे मी बघितलंच नव्हतं.

त्या रात्री मी १९२४ च्या पेपरमधली ती कल्पना परत वाचली. ठोके किती आणि रूपं किती. मामाचं मशीन ३३६०० च्या वेगाने बोलायला जात होतं. १४४०० आणि ९६०० या फॅक्सच्या जुन्या दोन वेगांमध्ये ठोके सारखेच असतात, सेकंदाला २४००. फरक रूपांचा. ९६०० ला प्रत्येक ठोक्याची १६ रूपं, म्हणजे ४ बिट. २४०० गुणिले ४, झाले ९६००. रूपं कमी असली की ती एकमेकांपासून लांब राहतात, थोडी गडबड झाली तरी ओळखू येतात. वेग वाढवायचा तर रूपं जवळ जवळ बसवावी लागतात आणि मग जरा धक्का लागला की एकाचं दुसरं वाचलं जातं. फॅक्समध्ये घेणारं मशीन सुरुवातीलाच आपली कुवत सांगतं आणि पाठवणारं त्याप्रमाणे चालतं. आमच्या मशीनला खोटी बढाई मारू न देता मी ९६०० वर बसवलं आणि ई.सी.एम. परत चालू केलं. सकाळी मामाने जपानला विनंती करून तेच ड्रॉईंग परत मागवलं. पान हळू आलं, मध्ये दोनदा अडखळलं, पण पूर्ण आलं. १२.५, टिंबासकट.

नायक्विस्ट यांचं बाकीचं कामही मला आता वेगळं दिसतं. १९२६ मध्ये बेल लॅब्जमधल्या जॉन्सन यांना (हेही स्वीडनमध्येच जन्मलेले) प्रत्येक रेझिस्टरमध्ये एक खरखर सापडली. ती नुसत्या उष्णतेमुळे असते आणि किती असते हे नायक्विस्ट यांनी गणिताने दाखवलं. म्हणजे कितीही चांगलं यंत्र करा, इतकी खरखर राहणारच. १९२७ मध्ये हॅरल्ड ब्लॅक यांना निगेटिव्ह फीडबॅक अॅम्प्लिफायर सुचला, पण तो कधी स्थिर राहील आणि कधी बोंबलायला लागेल हे नक्की सांगता येत नव्हतं. १९३२ मध्ये नायक्विस्ट यांनी त्याची कसोटी दिली. तीच ती, कंट्रोल सिस्टिम्सच्या पेपरला ग्राफ पेपरवर वजा एकला वेढे मोजायला लावणारी! लाईनीत किती मावतं, खरखर किती राहणार, अॅम्प्लिफायर कुठवर ताणायचा... सगळीकडे त्यांचा प्रश्न एकच आहे. हद्द कुठे आहे? आम्हा पोरांना हद्द म्हणजे हार वाटते. त्यांनी हद्द मोजली आणि त्याच हद्दीच्या आत सगळं डिजिटल जग उभं राहिलं.

त्यांच्या नावावर अमेरिकेतली १३८ पेटंट आहेत. १९६० मध्ये आय.आर.ई. या रेडिओ इंजिनिअरांच्या संस्थेने त्यांना मेडल ऑफ ऑनर दिलं. ४ एप्रिल १९७६ ला टेक्ससमध्ये त्यांचं निधन झालं. पण मला सगळ्यात आवडलेली गोष्ट पेटंटची नाही, जेवणाची आहे. बेल लॅब्जमध्ये एकदा पेटंट विभागाच्या लोकांनी शोधायचा प्रयत्न केला म्हणे, की काही जणांचीच पेटंट इतकी जास्त का? शिक्षण वेगळं, विषय वेगळे, काहीच सारखं निघेना. शेवटी एकच धागा सापडला. ही मंडळी बऱ्याचदा हॅरी नायक्विस्ट यांच्याबरोबर जेवायला बसायची. ते काही फार मोठ्या कल्पना वाटत नसत. ते फक्त चांगले प्रश्न विचारत आणि समोरच्याला विचार करायला लावत.

आपल्या मेसमध्ये आपण जेवताना काय बोलतो ते मी इथे लिहीत नाही, स्टाफही हे मासिक वाचतो. पण या सेमिस्टरपासून आमच्या टेबलावर आम्ही चौघींनी एक सुरू केलंय. रोज एकीने आपलं अडलेलं काम सांगायचं आणि बाकीच्यांनी उत्तर न देता फक्त प्रश्न विचारायचे. पहिल्या आठवड्यात भांडणं झाली. दुसऱ्या आठवड्यात एकीच्या प्रोजेक्टमधली आठ दिवस न सापडलेली चूक वरणभात संपायच्या आत सापडली.

त्या एक्स्टर्नल सरांचं नाव मला माहीत नाही. ते परत कधी आले तर मी त्यांना सांगणार आहे. नायक्विस्ट हा एका शेतकऱ्याचा मुलगा होता सर, आणि आपल्या हातातल्या लाईनीत किती मावतं हे जोर लावण्याआधी विचारावं, म्हणून त्याला तो प्रश्न पडला. मामाचा फॅक्स अजून ९६०० वर चालू आहे. हळू येतो, पण टिंब गाळत नाही.